बुरशी, पेंढा आणि कोकणचा हिशेब

रत्नागिरीच्या माणसाला बुरशीची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. आषाढ लागला की कपाटातील कोट, चामड्याच्या चपला, कापडी बांधणीची पुस्तके आणि भिंतीवरच्या तसबिरी यांच्यावर पांढरा-हिरवा थर धरू लागतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखात बुरशीशी झगडणे हा गृहिणीच्या दिनक्रमाचा भाग आहे. वस्तू उन्हात घालावी, पुसावी आणि पुढच्या सरीनंतर पुन्हा तेच करावे. या उपद्रवी जीवाच्या अंगी असलेला एक गुण मोटारी चालवण्याच्या कामी येऊ शकतो, हे सांगितले तर प्रथम कोणाचा विश्वास बसणार नाही. पण शास्त्रज्ञांची एक पिढी याच गुणाच्या मागे लागली आणि तिच्या परिश्रमांतून उभे राहिलेले कारखाने आज आपल्या देशातही आहेत. पेंढा, काड, भुसा, चिपाड अशा शेतातील अवशेषांपासून बुरशीच्या साहाय्याने इंधन तयार करणे आता प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाही. म्हणूनच या तंत्राचा कोकणाशी काय संबंध पोहोचतो, याचा विचार कोकणातील सुशिक्षितांनी वेळीच करणे आवश्यक आहे.

तंबूपासून टाकीपर्यंत

या शोधाची सुरुवात युद्धभूमीवर झाली. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातील सॉलोमन बेटांवर अमेरिकेचे सैन्य उतरले. तेथील हवा कोकणातील श्रावणासारखी दमट व उष्ण. सैन्याचे सुती तंबू, पट्टे, कपडे काही आठवड्यांतच कुजून फाटू लागले. शत्रूच्या गोळीपेक्षा सामानाची नासाडी ही बुरशी अधिक करू लागली, तेव्हा लष्कराच्या प्रयोगशाळेत तिचे नमुने गोळा करण्यात आले. त्यांतील ट्रायकोडर्मा कुळातील एक बुरशी सुती कापड विशेष वेगाने खाते, असे आढळले. एल्विन रीझ या शास्त्रज्ञाने तिचा अनेक वर्षे अभ्यास केला. १९७७ मध्ये या बुरशीला त्याच्याच नावावरून ‘ट्रायकोडर्मा रीझाय’ हे नाव मिळाले.

आरंभीचा हेतू कापड वाचवण्याचा होता. पुढे १९७३ चे तेलसंकट आले. पेट्रोलच्या किमती भडकल्या आणि तेल आयात करणारे देश पर्याय शोधू लागले. ब्राझीलने १९७५ मध्ये उसाच्या मद्यार्काचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. ज्यांच्याकडे ऊस नव्हता त्यांचे लक्ष या बुरशीकडे गेले. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. आणि पेंढा, लाकूड, गवत यांतही मुख्य घटक सेल्युलोजच. जी बुरशी तंबू खाते ती पेंढाही खाईल, आणि खाताना ती जी साखर तयार करते ती तिच्या तोंडून काढून घेता आली तर साखरेपासून मद्यार्क करणे ही मानवजातीची जुनीच विद्या आहे.

या संशोधनात महाराष्ट्र मागे नव्हता. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सत्तर व ऐंशीच्या दशकांत पेनिसिलियम जातीच्या बुरशीपासून सेल्युलोज फोडणारी विकरे मिळवण्यावर भरीव काम झाले. तेल स्वस्त झाले की अशा संशोधनाचा उत्साह ओसरतो आणि महाग झाले की पुन्हा उसळतो, हा जगभरचा अनुभव आहे. तरीही मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेल्या पद्धतीवर उत्तराखंडातील काशीपूर येथे २०१६ मध्ये रोज दहा टन अवशेष वापरणारा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा राहिला. २०१७ मध्ये पुण्याच्या प्राज कंपनीने दौंड येथे आपला प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. तात्पर्य, या विद्येचे एक माहेर महाराष्ट्रात आहे.

तीन विकरांचे काम

प्रक्रिया समजून घेतल्याखेरीज तिचे अर्थशास्त्र समजत नाही. पेंढ्यात स्थूलमानाने तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक सेल्युलोज असते, पाचवा हिस्सा किंवा थोडे अधिक हेमिसेल्युलोज असते आणि या दोहोंना चिकटवून ठेवणारे लिग्निन असते. भाताच्या पेंढ्यात याखेरीज वाळूच्या जातीची सिलिका पुष्कळ असते. ती यंत्रे झिजवते. सेल्युलोज म्हणजे साखरेच्या हजारो कणांची घट्ट विणलेली साखळी. गाई-म्हशींच्या पोटातील सूक्ष्म जीव ती तोडू शकतात, माणसाचे पोट तोडू शकत नाही.

कारखान्यात पेंढा प्रथम कापून, सौम्य आम्ल व दाबाखालील वाफ यांनी मऊ करतात. मग बुरशीपासून काढलेल्या विकरांची पाळी येते. त्यांत मुख्यतः तीन प्रकारची विकरे असतात. पहिले साखळी मध्येच कोठेही तोडते. दुसरे तुटलेल्या टोकांपासून साखरेचे दोन-दोन कण सुटे करते. तिसरे त्या जोडीचे दोन वेगळे कण करते. तिघांपैकी एक जरी कमी पडले तरी काम अडते. रीझच्या बुरशीत तिसरे विकर थोडे असते, म्हणून अ‍ॅस्परजिलस जातीच्या दुसऱ्या बुरशीकडून ते उसने घ्यावे लागते. सुमारे पन्नास अंश उष्णतेत हे काम चालते. मिळालेली साखर यीस्टने आंबवायची आणि ऊर्ध्वपातन करून मद्यार्क वेगळा करायचा. उरलेले लिग्निन बॉयलरमध्ये जाळता येते.

अडचण विकराच्या किमतीत आहे. धान्यातील पिष्ट फोडण्यास जेवढे विकर लागते त्याच्या अनेकपट विकर सेल्युलोजला लागते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन सरकारच्या मदतीने दोन मोठ्या कंपन्यांनी ही किंमत पुष्कळ खाली आणली. तरीही पेंढ्याच्या मद्यार्काच्या खर्चात विकराचा वाटा अद्याप जड आहे. मुंबईच्या पद्धतीत तीच विकरे पुन्हा पुन्हा वापरण्यावर भर आहे, त्याचे कारण हेच.

पानिपतचा धडा

१० ऑगस्ट २०२२ रोजी हरियाणातील पानिपत येथे इंडियन ऑइलचा पेंढ्यापासून मद्यार्क बनवणारा कारखाना राष्ट्राला अर्पण करण्यात आला. खर्च नऊशे कोटी रुपयांहून अधिक. वर्षाला दोन लाख टन पेंढा वापरून तीन कोटी लिटर मद्यार्क काढावा, अशी त्याची रचना आहे. म्हणजे टनामागे दीडशे लिटर. त्याआधी २०१९ मध्ये केंद्र सरकारने अशा कारखान्यांना साहाय्य देण्यासाठी सुमारे १,९७० कोटी रुपयांची ‘जी-वन’ योजना मंजूर केली होती.

या धोरणामागील विचार चुकीचा नाही. पेट्रोलमध्ये वीस टक्के मद्यार्क मिसळण्याचे लक्ष्य देशाने २०२५ मध्ये गाठले. परंतु तो मद्यार्क मुख्यतः ऊस, मका आणि तांदूळ यांपासून आला. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या टंचाईच्या भीतीने सरकारला उसाच्या रसापासून मद्यार्क करण्यावर निर्बंध घालावे लागले. त्यानंतर मक्याची मागणी वाढली आणि कोंबडीपालन करणाऱ्यांना खाद्य महाग झाले. माणसाच्या ताटातील, पशूच्या दावणीतील आणि मोटारीच्या टाकीतील घास एकच असेल तर ज्याची ऐपत अधिक त्याच्याकडे तो जाणार, हा बाजाराचा साधा नियम आहे. पेंढ्यापासून इंधन काढले तर हा संघर्ष टळतो, असे मानले जाते.

तथापि जगाचा अनुभव सावधगिरी शिकवणारा आहे. अमेरिकेच्या आयोवा राज्यात ड्यूपाँट कंपनीने २०१५ मध्ये मक्याच्या ताटांपासून मद्यार्क काढणारा प्रचंड कारखाना उघडला. २०१७ मध्ये तो बंद करण्याचा निर्णय झाला. इटलीतील क्रेशेंतिनो येथील कारखाना २०१३ मध्ये गाजावाजाने सुरू झाला, २०१७ मध्ये थांबला आणि मालक बदलल्यावर २०२२ मध्ये पुन्हा चालू झाला. गव्हाच्या काडावर चालणारा रुमानियातील कारखाना दोनेक वर्षांतच, २०२३ च्या अखेरीस, बंद पडला. या ठिकाणी बुरशीने दगा दिला असे नाही. काडाचे ढीग गोळा करणे, ते कोरडे ठेवणे, त्यातील माती-खडे काढणे, यंत्रे तुंबू न देणे आणि हे सर्व करून पेट्रोलशी किमतीत स्पर्धा करणे, येथे हिशेब चुकला.

पेंढा खरोखर टाकाऊ आहे काय?

कोकणच्या दृष्टीने खरा प्रश्न येथून सुरू होतो. पंजाब-हरियाणात भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यामध्ये शेतकऱ्याला जेमतेम वीस-पंचवीस दिवस मिळतात. यंत्राने कापलेल्या भाताचे खुंट काढण्यास सवड नसते, म्हणून तो आग लावतो आणि दिल्लीपर्यंतचे आकाश काळवंडते. तेथे पेंढा हे संकट आहे. ते विकत घेणारा कारखाना शेतकऱ्याच्या आणि शहरवासीयांच्याही सोयीचा आहे.

रत्नागिरीत स्थिती निराळी आहे. येथे भात विळ्याने कापतात, खळ्यावर झोडतात आणि पेंढ्याची उडवी रचतात. ती उडवी म्हणजे गुरांची शिमग्यापासून मृगापर्यंतची बेगमी. हापूसची अढी पेंढ्यातच घालतात, आंब्याच्या पेटीतही पेंढाच लागतो. ज्या वस्तूला तीन-तीन गिऱ्हाईके आहेत तिला टाकाऊ म्हणणे अर्थशास्त्राला धरून नाही. एखादी वस्तू कचरा आहे की माल आहे, हे त्या वस्तूच्या गुणधर्मांवरून ठरत नाही. ती कोठे, कोणाजवळ आणि कोणत्या महिन्यात आहे, यावरून ठरते.

साधा हिशेब करून पाहावा. वीस गुंठे भात करणाऱ्या कुटुंबाला सुमारे सातशे किलो पेंढा मिळतो. पानिपतच्या प्रमाणाने त्यातून शंभर-एकशे पाच लिटर मद्यार्क निघेल. मद्यार्कात पेट्रोलच्या दोन-तृतीयांश उष्णता असते, म्हणजे हे सत्तर लिटर पेट्रोल झाले. एखाद्या मोटारसायकलीला ते वर्षभर पुरेल. तोच पेंढा दिवसाला सहा किलोप्रमाणे एका गाईला किंवा बैलाला जवळजवळ चार महिने पुरतो. गाय असली तर दूध, शेण, शेणखत आणि गोबरगॅस हा व्यवहार पुन्हा वेगळाच. इंधनाचा पैसा कारखान्याच्या ताळेबंदात दिसतो, गाईचा हिशेब कोणत्याही वहीत उतरत नाही. म्हणून तो नाहीच असे समजण्याची चूक नियोजनकर्ते करतात.

पानिपतच्या आकाराचा एक कारखाना रत्नागिरीत काढायचा ठरला तर काय होईल? हेक्टरी साडेतीन टन पेंढा धरला तर दोन लाख टनांसाठी पन्नास हजार हेक्टरांहून अधिक भातशेती लागेल. म्हणजे जिल्ह्यातील बहुतेक भातशेतीचा पेंढा एका भट्टीच्या तोंडी द्यावा लागेल. मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या डोंगरउतारांवर, घाटवळणांच्या रस्त्यांनी, गुंठ्यागुंठ्यांच्या खाचरांतून तो गोळा करायचा. पेंढा हलका आणि फुगीर, ट्रकभर माल म्हटला तरी निम्मी हवाच वाहून न्यावी लागते. त्यातच उन्हाळ्यात येथील वाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते. असा कारखाना पाण्यासाठी कोणाच्या विहिरीकडे पाहणार?

रत्नागिरीला ऊर्जाप्रकल्प नवे नाहीत. दाभोळचा वीजप्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला आणि पुढे नव्या कंपनीच्या हाती गेला. जैतापूरची अणुभट्टी वर्षानुवर्षे चर्चेत आहे. नाणारचा आणि त्यानंतर बारसूचा तेलशुद्धीकरण प्रकल्प यांवरून गावे विभागली गेली. या सर्वांत एक समान सूत्र दिसते: इंधन बाहेरचे, भांडवल बाहेरचे, ग्राहक बाहेरचा आणि जमीन तेवढी कोकणची. जैवइंधनाचे नाव हिरवे आहे एवढ्यावरून त्याच साच्यातला आणखी एक प्रकल्प येथे आणण्यात शहाणपण नाही.

बोंडांचा सडा

याचा अर्थ कोकणात वाया जाणारे काहीच नाही, असा मात्र नव्हे. फाल्गुन-चैत्रात कोणत्याही काजूच्या बागेत जाऊन पाहावे. बी पिळून घेतलेल्या बोंडांचा झाडाखाली सडा पडलेला असतो, त्यावर माश्या घोंघावत असतात आणि आंबूस वास दरवळत असतो. बीच्या वजनाच्या पाच ते दहा पट वजन बोंडाचे असते. गोव्यात त्याच बोंडांपासून फेणी होते आणि तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. सीमेच्या अलीकडे मात्र बोंडांचा फार मोठा भाग जागेवर कुजतो.

बोंडाच्या रसात दहा टक्क्यांच्या आसपास साखर असते. ती काढण्यासाठी सेल्युलोज फोडण्याचा खटाटोप करावा लागत नाही. निसर्गाने ते काम आधीच केलेले आहे. टनभर बोंडांपासून तीस-पस्तीस लिटर मद्यार्क निघावा. रस गाळण्यासाठी आणि उरलेल्या चोथ्यातील साखर मिळवण्यासाठी बुरशीची विकरे उपयोगी पडतात, पण ती थोडी पुरतात. आंब्याच्या रसाच्या कारखान्यांतील साली आणि कोयी एका जागी, एका दारात जमा होतात; तेथेही गोळा करण्याचा खर्च नाही. भातगिरणीतील तूस, काजूची टरफले हेही तसेच. टरफलांचे तेल पूर्वीपासून विकले जाते. जो अवशेष आपल्या पायांनी चालत कारखान्यापर्यंत आला आहे त्याच्यापासून सुरुवात करावी, हा विचार अधिक व्यवहार्य आहे.

दुसरा वाया जाणारा माल म्हणजे राबासाठी जाळला जाणारा पाला. कोकणात भाताचा तरवा पेरण्यापूर्वी जमीन भाजण्याची चाल आहे. त्यासाठी ऐन-किंजळाची कवळे तोडतात, गवत, शेण, पातेरा पसरतात आणि पेटवतात. वरकस जमिनीवरील झाडे त्यामुळे खुरटी राहतात आणि शेतात पडावयाचे खत आकाशात जाते. भाजावळीशिवाय गादीवाफ्यावर रोपे वाढवण्याचा सल्ला कृषितज्ज्ञ देत आले आहेत. हा पाला इंधनाच्या कारखान्यात जावा असे नाही. रीझच्या बुरशीचीच भावंडे असलेली ट्रायकोडर्मा आज कृषी सेवा केंद्रांतून पुडीत मिळते. खताच्या खड्ड्यात ती टाकली तर पाला लवकर कुजतो आणि त्याचे उत्तम खत होते. खत विकत घ्यावे लागले नाही तर तेही इंधनाचीच बचत आहे, कारण युरिया नैसर्गिक वायूपासूनच बनतो.

दूध संघाचा नमुना

प्रश्न आकाराचा आणि मालकीचा आहे. मोटारीत घालण्याचा मद्यार्क जवळजवळ निर्जल असावा लागतो आणि ते काम लहान भट्टीला परवडत नाही. यावर महाराष्ट्राला परिचित असा एक मार्ग आहे. गावोगावी दूध जमा होते, शीतकरण केंद्रात थंड होते आणि मोठ्या डेअरीत त्याची प्रतवारी होते. तसेच बोंडांचा रस गटागटाने गावात काढावा, तालुक्याच्या ठिकाणी सहकारी केंद्रात आंबवून त्याचा कच्चा मद्यार्क करावा आणि शेवटची शुद्धी जिल्ह्यात एकाच ठिकाणी व्हावी. मद्यार्क म्हटला की उत्पादन शुल्क खात्याचे नियम आडवे येणार. पण इंधनासाठीचा मद्यार्क पिण्यास अयोग्य करून ठेवण्याची पद्धत रूढ आहे. शासनाने मनात आणले तर हा अडथळा दूर होण्याजोगा आहे.

बोंडांचा हंगाम तीन महिन्यांचा आणि फळ दोन दिवसांत नासणारे, ही अडचण खरी आहे. वर्षातील नऊ महिने यंत्रे बंद राहिली तर व्याज चुकत नाही. म्हणून बोंडांमागून आंब्याचे अवशेष, मग भातगिरणीचा व गोठ्यांचा माल, असे वर्षाचे वेळापत्रक बसवावे लागेल. काही अवशेष मद्यार्कापेक्षा गॅससाठी अधिक योग्य ठरतील. कोणते, हे ठरवण्यासाठी कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, किती आणि कोणाच्या मालकीचा माल निघतो याची नोंद हवी. १८ मे १९७२ रोजी दापोलीला स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने, जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून, अशी पाहणी करावी. अर्थशास्त्राच्या आणि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना याहून चांगला प्रकल्प कोणता मिळणार?

विकरेही येथेच तयार होऊ शकतात. ओल्या कोंड्यावर किंवा पेंढ्यावर बुरशी वाढवून विकर काढण्याची पद्धत जुनी आहे आणि तिला अतिप्रचंड टाक्या लागत नाहीत. पेंढ्यावर अळिंबी घेणारे उत्पादक कोकणात आहेतच. अळिंबीही बुरशीच आहे. तिने लिग्निन खाऊन मऊ केलेला पेंढा पुढील प्रक्रियेला सोपा जातो. एका पेंढ्याचे प्रथम अन्न, नंतर खत किंवा इंधन, असा दुहेरी लाभ घेता येईल.

गोठे ओस पडत चालले आहेत, चाकरमान्यांची खाचरे पड राहत आहेत आणि काही वाड्यांत पेंढ्याला गिऱ्हाईक उरलेले नाही, हेही नाकारता येत नाही. तेथे पेंढ्याचा भाव शेतकऱ्याशी आधी ठरवून तो अवश्य घ्यावा. पण ज्या दारात अजून दावण हलते आहे तेथे पेंढा विकत घेणाऱ्याने त्या दावणीची किंमतही मोजली पाहिजे.

बुरशीचा धर्म कुजवण्याचा आहे; काय कुजवावे आणि काय राखावे हे ठरवणे माणसाच्या हाती आहे. बोंडांच्या सड्यापासून आरंभ करायचा की गुरांच्या वैरणीपासून, हा निर्णय पानिपतच्या नकाशावरून न करता कोकणच्या उडवीजवळ उभे राहून केला, तर या विद्येचा लाभ येथील माणसाला मिळेल. अन्यथा गावात आणखी एक धुराडे उभे राहील आणि गोठ्यातील गाय बाजाराच्या वाटेला लागेल.